कानामारु-झा: जपानचं सर्वांत जुनं काबुकी नाट्यगृह – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जपानला जाऊन आलो हे कळल्यावर नाटकवाले मित्र फुजी पर्वताबद्दल काही विचारत नाहीत. सगळ्यांचे प्रश्न कानामारु-झा या लाकडी काबुकी थिएटरबद्दलच असतात. काबुकी म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं. मी स्वतः नट नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात बरीच वर्षं बॅकस्टेजला सेट ओढले, त्यामुळे उत्तरांचा कल त्याच बाजूला आहे.

हे थिएटर नेमकं कुठे आहे आणि किती जुनं आहे?

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी शिकोकु हे सगळ्यात लहान. तिथल्या कागावा प्रांतात कोतोहिरा नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या डोंगरावर कोंपिरा या देवाचं प्रसिद्ध देवस्थान आणि पायऱ्यांच्या वाटेपासून थोडं बाजूला हे नाट्यगृह. बांधलं १८३५ साली. जपानमध्ये आज उभ्या असलेल्या संपूर्ण काबुकी नाट्यगृहांत यापेक्षा जुनं दुसरं नाही. तोक्योचं काबुकी-झा जगप्रसिद्ध असलं तरी त्याची आत्ताची इमारत २०१३ ची आहे.

स्थानिक लोक याला 'कोंपिरा ओशिबाई' म्हणतात, म्हणजे 'कोंपिराचं मोठं नाटकघर'. 'कानामारु-झा' हे नाव १९०० मध्ये तेव्हाच्या मालकाच्या आडनावावरून पडलं.

एवढ्याशा गावात एवढं मोठं नाट्यगृह कशासाठी?

जत्रेसाठी. पंढरपूर, जेजुरी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या काळी जपानमध्ये सामान्य माणसाला मनात आलं की प्रवासाला निघता येत नसे. परवाने लागत, नाकी असत. देवाला जातो म्हटलं की मात्र वाट मोकळी व्हायची. कोंपिरा हा दर्यावर्दी लोकांचा देव. त्यामुळे खलाशी, व्यापारी, शेतकरी, सगळे इकडे लोटायचे. ज्यांना स्वतःला जमत नसे ते गळ्यात पिशवी बांधून कुत्र्याला पाठवायचे. पिशवीत देवाचे पैसे आणि वाटखर्ची असायची आणि वाटेतले यात्रेकरू त्या कुत्र्याला हाताहाती पुढे नेत. ही थाप नाही. 'कोंपिरा-इनू', म्हणजे कोंपिराचा कुत्रा, याच नावाने ते ओळखले जात.

वर्षातून तीन मोठ्या जत्रा भरत. त्या वेळी नाटकासाठी तात्पुरते मांडव उभारायचे आणि जत्रा संपली की मोडायचे. गाव देवस्थानच्या इनामात होतं, त्यामुळे बाकीच्या मुलखात चालणार नाहीत अशा काही गोष्टी इथे खपून जात. शेवटी ओसाकाच्या एका थिएटरचा नमुना समोर ठेवून पक्कं नाट्यगृह बांधलं. इथे नाटकाबरोबर लॉटरीही निघायची. आकडे लिहिलेल्या लाकडी चकत्या पेटीत टाकायच्या आणि वरून लांब टोच्याने भोसकून एक उचलायची. टोच्याला लागलेला आकडा विजयी. थोडक्यात, दर्शन, नाटक आणि नशीब, तिन्ही एकाच फेरीत.

'कोंपिरा' हे नाव ओळखीचं का वाटतं?

कारण ते आपल्याकडूनच गेलंय. संस्कृतातला 'कुंभीर' म्हणजे मगर. गंगेतल्या मगरीचा हा देव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे 'कोंपिरा' झाला. पाण्याशी नातं टिकलं, म्हणून तो खलाशांचा रक्षणकर्ता. १८६८ नंतर सरकारने शिंतो, म्हणजे जपानचा मूळ धर्म, आणि बौद्ध वेगळे करायला लावले, तेव्हा देवस्थान अधिकृतपणे शिंतो झालं. पण लोकांच्या तोंडी अजून 'कोंपिरा-सान'च आहे. मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आणि अगदी आतल्या मंदिरापर्यंत १,३६८. मी ७८५ वर थांबलो. गुडघे थिएटरसाठी राखून ठेवायचे होते.

सगळं लाकडाचं, मग जळलं कसं नाही?

बाकीची जळालीच. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, तिथली नाट्यगृहं किती वेळा भस्मसात झाली याला गणती नाही. १८४१ मध्ये अशीच मोठी आग लागली आणि सरकारने निमित्त साधून थिएटरं शहराच्या मध्यातून उचलून असाकुसाकडे नेऊन टाकली. शहरात घराला घर लागलेलं, शेजारच्या स्वयंपाकघरातली ठिणगी पुरे व्हायची. कोतोहिरा गाव लहान आणि नाटकं जत्रेपुरती. या दोन गोष्टींनी वाचवलं असावं असा माझा अंदाज. पुढे त्याचं सिनेमाघर झालं, मग तेही चालेना आणि इमारत खंगत गेली. मोडकळीला आली, पण उभी राहिली.

प्रवेशद्वार इतकं बुटकं का आहे?

त्याला 'नेझुमी-किदो' म्हणतात, म्हणजे उंदराचं दार. चांगलं कमरेत वाकून आत शिरावं लागतं. कारण साधं आहे: एका वेळी एकच माणूस आत आला पाहिजे आणि तोही हळू. फुकट्यांची झुंड एकदम घुसू शकत नाही. डोअरकीपर कितीही भिडस्त असला तरी दार भिडस्त नाही! आपल्याकडे तिसऱ्या घंटेनंतर जी ढकलाढकली चालते ती पाहता दोन-चार ठिकाणी असं दार बसवावं असं मला फार वाटतं.

आत शिरल्यावर पाठ सरळ करता आणि एकदम उंच, प्रशस्त प्रेक्षागृह समोर येतं. वर रांगेने कागदी कंदील. वाकून आल्यामुळे ते आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. बांधणाऱ्याच्या हे मनात होतं की नाही, देव जाणे.

खुर्च्या नाहीत, मग बसायचं कुठे?

जमिनीवर. बूट-चपला काढून आत जायचं. मधल्या सपाट भागात लाकडी पट्ट्यांनी चौकोनी कप्पे पाडलेत, त्यांना 'मासु' म्हणतात. मासु म्हणजे धान्य मोजायचं चौकोनी लाकडी माप, आपल्या पायलीसारखं. त्या मापात चार-पाच माणसं भरायची. गाद्या दिलेल्या असतात. जागेवर पोचायचं तर कप्प्यांच्या कडांवरून तोल सांभाळत चालावं लागतं. दोन्ही बाजूंना आणि मागे सज्जे आहेत. एकूण सुमारे ७४० माणसं बसतात.

मांडी घालून जेवायची सवय असलेल्या पिढीला त्रास होणार नाही. बाकीच्यांनी पाय कुठे ठेवायचे याचा शेजाऱ्याशी आधीच तह करून घ्यावा. ओळख नसलेली माणसं अर्ध्या तासात डबे वाटून खायला लागतात ते यामुळेच.

हानामिची म्हणजे काय?

शब्दशः 'फुलांची वाट'. रंगमंचाच्या डाव्या बाजूने निघून प्रेक्षकांच्या मधून थेट मागच्या भिंतीपर्यंत जाणारा लाकडी मार्ग. नट विंगेतून येतोच, पण खरी टाळीची एन्ट्री इथून. मागच्या टोकाला एक छोटी खोली आहे, तिला 'तोया' म्हणतात, म्हणजे पक्ष्यांचं खुराडं. नट त्या खुराड्यात थांबतो. तिथला पडदा धातूच्या कड्यांवर असतो. तो सर्रकन ओढला की 'चारिन्' असा आवाज होतो आणि सातशे माना एकदम मागे वळतात. बॅकस्टेजवाल्याला याचा हेवा वाटावा. आम्ही एन्ट्रीच्या आधी संगीताचा तुकडा, स्पॉट, काय काय करतो. इथे एका पडद्याच्या कड्या काम भागवतात.

नट चालत येतो आणि वाटेच्या साधारण सत्तर टक्क्यांवर, म्हणजे मंचाच्या अलीकडे, थांबतो. त्या जागेला 'शिचि-सान', म्हणजे 'सात-तीन', असंच नाव आहे. तिथे तो वळून पवित्रा घेतो तेव्हा कप्प्यातला माणूस त्याच्या पायापासून हातभर अंतरावर असतो. किमोनोच्या काठावरची शिवण दिसते. गरज असेल तर उजव्या बाजूलाही एक अरुंद, दुसरी वाट घालतात. दोन्ही वाटांवर दोन पात्रं उभी राहून बोलू लागली की प्रेक्षक मधे नदीसारखा पसरलेला असतो.

त्या वाटेतूनच भूत वर येतं म्हणतात, ते काय?

सात-तीनच्या जागीच एक चौकोनी झडप आहे. तिचं नाव 'सुप्पोन'. मऊ पाठीचं कासव मान वर काढतं तसा नट वर येतो म्हणून. पण नियम कडक आहे: इथून माणसाने यायचं नाही. भूत, पिशाच्च, मंत्रतंत्र करणारा, माणसाचं रूप घेतलेला कोल्हा, यांनीच यायचं. त्यामुळे डोकं वर आलं की पात्र तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षकाला कळतं की हे प्रकरण मानवी नाही. एका झडपेने अर्धं पान संवाद वाचवले!

मंचाजवळ 'काराइदो', म्हणजे कोरडी विहीर, हीसुद्धा आहे. त्यात उडी घेतलेलं पात्र खालच्या खाली जाऊन भलत्याच ठिकाणी उगवू शकतं. मुख्य मंचावरही वरखाली होणारे फळ्यांचे तराफे आहेत, त्यांना 'सेरी' म्हणतात.

फिरता रंगमंच वीज नसताना कसा फिरायचा?

फिरायचा काय, अजूनही तसाच फिरतो. माणसं ढकलतात.

मंचाच्या मधोमध सुमारे ७.३ मीटर व्यासाचं गोल कापलेलं आहे. खाली तळघरात त्याच्या मध्यावर लाकडी आस आणि आसाला आडवे दांडे. दांड्याला छाती लावून माणसं गोल चालतात. तेलाचा घाणा पाहिला असेल तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल, फक्त बैलाच्या जागी माणूस. मला सगळ्यात जास्त आवडली ती पायाखालची गोष्ट. फिरायच्या वाटेवर जमिनीत दगड पुरलेत, त्यांना 'चिकारा-इशी', म्हणजे 'जोराचे दगड', म्हणतात. सुरुवातीचा रेटा देताना पाय सटकू नये म्हणून टाच टेकवायला. मी बुटाशिवाय, मोज्यांनिशी एका दगडाला टाच लावून पाहिली. बरोबर जिथे जोर लागतो तिथेच दगड आहे. ज्याने ते पुरले तो स्वतः कधीतरी ढकलताना घसरला असणार.

आमच्या एका प्रयोगात चाकांचा प्लॅटफॉर्म ब्लॅकआऊटमध्ये फळीच्या फटीत अडकला होता. दिवे आले तेव्हा राजवाडा अर्धा आणि चाळ अर्धी, आणि मधे मी पाठमोरा. त्या रात्री एक जोराचा दगड मिळाला असता तर बरं झालं असतं.

फिरत्या रंगमंचाचा शोध जपानी आहे का?

काबुकीसाठी तो पक्का केला नामिकी शोझो या नाटककाराने, १७५८ मध्ये, ओसाकात. नाटककाराने, हे लक्षात घ्या. सुताराने नाही. त्याला दोन प्रवेश पाठीला पाठ लावून मांडायचे होते आणि मधला खोळंबा नको होता. युरोपात हेच तंत्र म्युनिकला लाउटेनश्लेगर यांनी आणलं ते १८९६ मध्ये. मराठी माणसाला फिरता रंगमंच म्हटलं की 'तो मी नव्हेच' आठवतं, ते १९६२ चं.

एक फरक आहे. आपण बऱ्याचदा अंधार करून फिरवतो. काबुकीत उजेडात, सगळ्यांदेखत फिरवतात. घर फिरत निघून जातं, मागून नदीकाठ येतो आणि पात्र चालतच राहतं. दृश्य बदलणं हेच दृश्य असतं.

तळघराला 'नरक' म्हणतात हे खरं का?

खरं. शब्द आहे 'नाराकु' आणि तो सरळ संस्कृत 'नरक' वरून आलाय. वर देव कुंभीर, खाली नरक. दोन्ही शब्द आपलेच. खाली उतरलं की नाव पटतं. अंधार, ओल, दगडी भिंती, डोक्याला लागेल अशा तुळया. इथूनच एक बोळ हानामिचीच्या खालून मागच्या खुराड्यापर्यंत जातो. डावीकडे बाहेर पडलेला नट काही क्षणांत प्रेक्षकांच्या मागून प्रकट होतो तो या बोळातून धावत. जड किमोनो, डोक्यावर भला थोरला टोप आणि वाकून धावायचं. वर टाळ्या, खाली धापा.

दिवे नव्हते, तर प्रकाशयोजना कशी व्हायची?

सूर्याने. एदो काळात, म्हणजे १८६८ च्या आधी, आगीच्या भीतीने नाटकं दिवसाच होत, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. उजेड यायचा वरच्या बाजूंच्या खिडक्यांतून. त्यांना 'आकारी-मादो', उजेडाच्या खिडक्या, म्हणतात. आत कागद लावलेली तावदानं, बाहेर लाकडी झडपा. प्रसंग रात्रीचा असला की माणसं बाजूच्या माळ्यावरून धावत जाऊन झडपा लावत. फटाफट एकेक बंद होत गेली की दुपारी दोन वाजता प्रेक्षागृहात रात्र. पुन्हा उघडल्या की उजाडलं. याला मी डिमर बोर्ड, म्हणजे दिवे कमीजास्त करायचा फलक, म्हणतो. फक्त प्रत्येक चॅनलला एक माणूस.

कागदातून गाळून आलेला उजेड मऊ असतो, त्याला धार नसते. त्या उजेडात एक गोष्ट कळली. काबुकी नटांचे चेहरे पांढरेफटक का रंगवतात, याचं मला फोटोत नेहमी कोडं पडायचं. भगभगीत विजेच्या प्रकाशात ते भडक दिसतं. इथल्या मंद उजेडात तोच पांढरा रंग सज्जाच्या शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचवतो. त्यातही मुख्य नटाचा चेहरा दाखवायचा असेल तर एक साहाय्यक लांब दांड्याच्या टोकावर मेणबत्ती लावून ती त्याच्या तोंडासमोर धरत फिरायचा. फॉलो स्पॉट, दुसरं काय!

आता विजेचे दिवे आहेत, पण एप्रिलच्या प्रयोगांत खिडक्यांचा हा खेळ अजूनही करतात.

छताला बांबू का बांधलेत?

ते 'बुदो-दाना', म्हणजे द्राक्षांचा मांडव. नाशिककरांना लगेच कळेल. शेकडो बांबू आडवे-उभे रचून दोरांनी बांधलेत आणि तो मांडव प्रेक्षकांच्या डोक्यावर पसरलाय. माणसं त्यावर चढून कुठूनही चेरीच्या पाकळ्या किंवा कागदी बर्फ सोडू शकतात. त्यामुळे बर्फ मंचापुरता राहत नाही, तुमच्या डब्यातही पडतो. आपल्याकडे फ्लायमधून, म्हणजे मंचाच्या वरच्या जागेतून, जे काही पडायचं ते मंचावर पडतं, प्रेक्षक कोरडा.

'काकेसुजी' हा त्याचाच जोडीदार. हानामिचीच्या वर बसवलेला उचलयंत्राचा मार्ग. नटाला त्यावर टांगून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडवत नेतात. ओढायला अर्थातच माणसंच.

आत्ता जे दिसतं ते खरंच १८३५ चं आहे का?

हा प्रश्न रास्त आहे. १९७० मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून नोंद झाली. त्यानंतर १९७२ ते १९७६ अशी चार वर्षं खर्चून इमारत सुटी केली आणि जवळच सध्याच्या जागी पुन्हा उभारली. जपानी सुतारकामात सांधे लाकडात लाकूड अडकवून केलेले असतात, म्हणून हे शक्य होतं. सुटं करायचं, सडलेला तुकडा बदलायचा, परत जोडायचं. कुजकं लाकूड बदललंय, त्यामुळे प्रत्येक फळी जुनी नाही. मला विचाराल तर त्याने काही बिघडत नाही.

बांबूचा मांडव आणि काकेसुजी मात्र त्या वेळी परत बसवलेले नव्हते. त्यांच्या खुणा सापडल्यावर २००३ च्या दुरुस्तीत ते पुन्हा आले. त्याच कामात प्रेक्षकांच्या मधे उभे असलेले आधाराचे खांब काढले. खांबाआड बसून नाटक पाहिलेल्या कुणालाही या वाक्याचं मोल कळेल.

बंद पडलेल्या थिएटरात नाटकं परत कशी सुरू झाली?

नटांमुळे. १९८४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी नाकामुरा किचिएमोन (या नावाचे दुसरे नट) आणि आणखी दोन काबुकी नट इथे आले, इमारत पाहिली आणि हरखून गेले. इथे प्रयोग व्हायलाच हवेत म्हणून त्यांनी लावून धरलं. १९८५ मध्ये पहिला झाला. तेव्हापासून वसंतात, एप्रिलमध्ये, मोठे नट इथे येतात. करोनामुळे २०१९ नंतर खंड पडला, २०२४ मध्ये पुन्हा सुरुवात झाली.

आणि नरकात दांडा कोण ढकलतं? गावातले दुकानदार. व्यापारी मंडळाची तरुण मंडळी मंच फिरवतात, झडपा लावतात, सेरी उचलतात. प्रेक्षकांना जागेवर नेणाऱ्या किमोनोतल्या बायकाही स्वयंसेविका. आपल्याकडे गणपतीत मंडळाची पोरं जे करतात तेच, फक्त वर उभा असतो राष्ट्रीय कीर्तीचा नट.

भाषा कळत नाही, तरी जावं का?

जावं. गोष्ट आधी वाचून जा. सगळ्या भूमिका पुरुषच करतात. १६२९ मध्ये स्त्रियांना मंचावर बंदी आली तेव्हापासूनची ही परंपरा. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचं नवल नाही. मधेच कुणी मागून ओरडलं तर दचकू नका, तो नटाच्या घराण्याचं नाव घेऊन दाद देतोय. २०२१ मध्ये वारलेले किचिएमोन मंचावर असत तेव्हा 'हारिमाया!' असं ओरडत. ही आरोळी नेमक्या क्षणी पडावी लागते, त्यामुळे आपण नवख्यांनी 'वाह' सुद्धा मनातच म्हणावं.

प्रयोग नसताना बघता येतं का?

येतं, आणि बॅकस्टेजच्या माणसाने तेव्हाच जावं. तिकीट काढून मंचावर उभं राहता येतं, रंगपटात डोकावता येतं, नरकात उतरता येतं. ओकायामाहून रेल्वेने साधारण तासाभरात कोतोहिरा गाठता येतं, ताकामात्सुहूनही छोट्या खासगी रेल्वेने तेवढाच वेळ लागतो. एप्रिलमधले प्रयोग आणि त्यांच्या तयारीचे दिवस वगळून जा. आधी थिएटर, मग पायऱ्या. उलट केलंत तर तळघरात वाकताना मांड्या ओरडतील. सहज निघतील-चढतील असे बूट आणि धड मोजे घाला. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि तिथे तो पाय सगळ्यांना दिसतो.